युद्धाने घरी परत पाठवलेला शिल्पकार

रमजानच्या पानावर शिल्पकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. इस्लामला मूर्तिपूजा मान्य नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग मुसलमानांत शिल्पकार कुठून आला? उर्दूत या बाबतीत दोन वेगळे शब्द आहेत. ज्याची पूजा होते तो 'बुत' आणि कलावंताने नुसती घडवलेली आकृती म्हणजे 'मुजस्समा'. सजीवांच्या आकृती घडवण्याबद्दल उलेमांची मते पूर्वीपासून कडक आहेत आणि आजही अनेक जण त्यापासून लांब राहतात. तरीही गेल्या शंभर वर्षांत कैरो आणि बगदादसारख्या शहरांत मुजस्समे उभे राहिले. १९२८ साली कैरोत महमूद मुख्तार यांचे 'नहदत मिस्र' म्हणजे 'मिसरची जागृती' हे ग्रॅनाइटचे शिल्प उभे राहिले आणि अरब जगातल्या आधुनिक शिल्पकलेची ओळख साऱ्या दुनियेला झाली. त्यानंतरचे सर्वांत मोठे नाव बगदादचे. ते म्हणजे जवाद सलीम. त्यांना अवघे ४१ वर्षांचे आयुष्य मिळाले आणि त्या आयुष्याला प्रत्येक वळणावर कुठले ना कुठले युद्ध आडवे आले.

बगदाद आपल्याला परके नाही. तेलगाव, माजलगाव, धारूरकडच्या मुसलमान घरांत ग्यारवी शरीफची नियाज होते ती बगदादच्या हजरत अब्दुल कादिर जिलानी यांच्या नावाने. हिंदू वाचकांना बगदाद ओळखीचे आहे ते हारून-अल-रशीद आणि अरबी सुरस कथांमुळे. पण याहून कडवट असे एक नातेही आहे आणि ते युद्धाचे आहे. पहिल्या महायुद्धात इराकच्या भूमीवर तुर्कांशी लढायला इंग्रजांनी जी फौज पाठवली, तिच्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा या गावी तुर्की फौजेने त्यांना वेढा घातला. १४७ दिवस अन्नान्न दशा झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यातले कित्येक घरी परतलेच नाहीत.

ज्या तुर्की सैन्याशी आपली माणसे लढत होती, त्याच उस्मानी सैन्यात जवाद यांचे वडील हाजी मुहम्मद सलीम अधिकारी होते. घराणे मूळचे मोसुलचे. वडिलांची नोकरी फौजेतली, पण हातात ब्रशही असे. चित्रकलेचा त्यांना मनापासून नाद होता. १९१९ साली अंकारा येथे जवाद यांचा जन्म झाला तेव्हा उस्मानी सल्तनत युद्ध हरलेली होती आणि इराक इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. पुढे हे कुटुंब बगदादला आले. घरात चित्रांचे वातावरण असे होते की जवाद यांच्या भावंडांपैकी सुआद, निझार आणि बहीण नझीहा या तिघांनीही पुढे कलेत नाव कमावले. बारा वर्षांच्या जवादला १९३१ च्या बगदादमधील प्रदर्शनात शिल्पासाठी रौप्यपदक मिळाले.

हुशार मुलांना सरकारी खर्चाने परदेशी शिकायला पाठवण्याची पद्धत तेव्हा इराकमध्ये सुरू झाली होती. १९३८ मध्ये जवाद पॅरिसला गेले. विशीतला तरुण, जगाची कलानगरी आणि समोर सगळी वाट मोकळी! पण वर्षभरातच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पॅरिस सोडून ते रोमला गेले. तिथे जम बसतो न बसतो तोच १९४० मध्ये इटलीही युद्धात उतरली. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना बगदादला परतावे लागले.

एखाद्याला वाटेल, इथे एका कलावंताचे नुकसान झाले. झालेही असेल. पण या परतीने त्यांना जे दिले ते युरोपात मिळाले नसते. बगदादला आल्यावर त्यांना पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात काम मिळाले. जुन्या वस्तूंची डागडुजी करणे, त्यांच्या प्रतिकृती घडवणे असे ते काम. सुमेरी लोकांच्या टपोऱ्या डोळ्यांच्या लहान मूर्ती, बाबिलोनच्या मातीच्या पाट्या, असुरी राजांच्या महालातली भिंतीवरची कोरीव शिल्पे, हे सगळे रोज त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. जी कला शिकायला ते समुद्र ओलांडून गेले होते, तिची चार-पाच हजार वर्षांची मुळे आपल्याच मातीत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. याच काळात बगदादच्या ललित कला संस्थेत त्यांनी शिल्पकलेचा विभाग सुरू केला आणि ते शिकवू लागले.

युद्धाने मात्र तिथेही पाठ सोडली नाही. एप्रिल १९४१ मध्ये रशीद अली यांनी लष्कराच्या मदतीने सत्ता हाती घेतली. इंग्रजांनी फौज उतरवली आणि बसऱ्याच्या बंदरात उतरलेल्या त्या फौजेत हिंदी पलटणी होत्या. महिनाभर लढाई झाली. तिच्या शेवटी बगदादमध्ये जमावाने ज्यू शेजाऱ्यांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले केले, माणसे मारली. जवाद तेव्हा बावीस वर्षांचे होते. आपलेच शहर, आपलेच शेजारी आणि त्यांच्यात वाहिलेले रक्त त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

त्याच युद्धाने त्यांच्या दारात काही परदेशी गुरूही आणून सोडले. रशियाच्या कैदेतून सुटलेली पोलंडची फौज इराणमार्गे इराकमध्ये आली. तिच्यात सैनिकी गणवेशातले काही चित्रकार होते आणि त्यांच्यापैकी काहींचे शिक्षण पॅरिसमध्ये झालेले होते. बगदादच्या चहाखान्यांत जवाद आणि त्यांचे मित्र फाइक हसन यांची या चित्रकारांशी दोस्ती जमली. रंग कसा बोलतो हे त्यांनी या बेघर सैनिकांकडून शिकून घेतले. आपल्या वाचकांसाठी इथे एक धागा सांगायला हवा. त्याच पोलिश फौजेबरोबर रशियातून बाहेर पडलेल्या बायका-मुलांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला होता. सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. म्हणजे एकाच उद्ध्वस्त देशाची लेकरे कोल्हापूरच्या मातीत वाढत होती आणि त्याच देशाचे चित्रकार बगदादच्या तरुणांना रंग शिकवत होते.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जवाद लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या म्युझियममध्ये निनवे इथल्या असुरी महालातली शिल्पे मांडलेली आहेत आणि निनवे म्हणजे मोसुलच्या वेशीवरचे जुने शहर, जवाद यांच्या पूर्वजांचे गाव! या लांबलचक दगडी भिंतींवर राजाच्या शिकारी, राजाच्या लढाया, हरलेले शत्रू आणि कैद्यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. कारागिरी अशी की मरणाऱ्या सिंहाची कळ पाहणाऱ्याला जाणवते. पण सगळ्याच्या मध्यभागी असतो राजा.

स्लेडमध्येच लोर्ना नावाची एक इंग्रज विद्यार्थिनी त्यांना भेटली. १९५० मध्ये दोघांचे लग्न झाले. लोर्ना स्वतः चित्रकार होत्या. त्या बगदादला आल्या आणि तिथल्या जुन्या घरांची, गल्ल्यांची चित्रे काढत राहिल्या.

१९५१ मध्ये जवाद आणि शाकिर हसन यांनी 'बगदाद आधुनिक कला गट' स्थापन केला. या गटाचे म्हणणे थोडक्यात असे: तेराव्या शतकात बगदादमध्ये यह्या अल-वासिती यांच्यासारखा चित्रकार होता. 'मकामात' या गोष्टींच्या ग्रंथासाठी १२३७ साली त्याने रंगवलेली हस्तलिखित प्रत आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात बाजार आहे, उंटांचा कळप आहे, मशिदीत खुतबा ऐकणारी माणसे आहेत. पुढे १२५८ मध्ये हलाकूखानाच्या मंगोल फौजेने बगदाद बेचिराख केले आणि ही साखळी तुटली. ती पुन्हा जोडायची. नक्कल युरोपची नको आणि पूर्वजांचीही नको. पूर्वजांकडून स्फूर्ती घ्यायची आणि आजच्या माणसाचे बोलायचे. अरबीत याला 'इस्तिल्हाम अल-तुरास' म्हणतात. इस्तिल्हाम हा शब्द 'इल्हाम'चा भाऊबंद आहे, तर 'तुरास' आणि आपल्या मराठीतला 'वारसा' हे दोन्ही एकाच अरबी धातूतून आलेले आहेत. शब्दांचेही असे नाते असते.

याच वर्षांत त्यांच्या चित्रांत आणि शिल्पांत एक आकार पुन्हा पुन्हा दिसू लागला. तो आकार हिलालचा, म्हणजे चंद्रकोरीचा. बायकांचे चेहरे, डोळे, कमानी सगळे कोरीतून आकाराला येऊ लागले. रमजानच्या आदल्या संध्याकाळी आणि ईदच्या आदल्या रात्री जी कोर शोधायला आपण गच्चीवर चढतो, तीच कोर. हा आकार इस्लामी कलेत आहे, तसा त्याच्याही हजारो वर्षे आधी त्याच भूमीवर चंद्रदेवतेचे चिन्ह म्हणून होता. जवाद यांनी कुठला वारसा आपला आणि कुठला परका, अशी वाटणी केली नाही.

१९५३ मध्ये लंडनला 'अज्ञात राजकीय कैदी' या विषयावर शिल्पांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. जगभरातून हजारो शिल्पकारांनी त्यासाठी नमुने केले. प्रदर्शनासाठी जे निवडले गेले त्यांत बगदादच्या जवाद सलीम यांचा नमुना होता. दडपशाहीत नावही न राहिलेला माणूस हा विषय तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

१४ जुलै १९५८ रोजी इराकमध्ये लष्कराने राजेशाही उलथवली. तरुण राजा फैसल दुसरा आणि त्याच्या घरातली माणसे मारली गेली. रस्त्यावर जल्लोष होता आणि सूडही होता. इंग्रज सेनापती मॉड यांचा घोड्यावरचा पुतळा लोकांनी त्याच दिवशी पाडला. नवे सत्ताधीश अब्दुल करीम कासिम यांनी या क्रांतीचे स्मारक उभारायचे ठरवले. वास्तुरचनाकार होते रिफअत चादिरजी आणि शिल्पांचे काम आले जवाद यांच्याकडे.

चादिरजींनी रचना अशी केली: जमिनीपासून सहा मीटर उंच उचललेली, ५० मीटर लांब आणि १० मीटर उंच अशी एक भिंत. मोर्चात दोन टोकांना धरलेला फलक असतो तशी. तिच्यावर जवाद यांनी ब्राँझचे १४ शिल्पसमूह बसवायचे ठरवले, १४ जुलैच्या स्मरणार्थ. त्यांत पंचवीस माणसे, शिवाय एक घोडा आणि एक बैल. हे शिल्प बघायचे नसते, वाचायचे असते. अरबी किंवा उर्दूची ओळ जशी उजवीकडून डावीकडे वाचतात तसे.

स्मारकाचे नाव 'नस्ब-उल-हुर्रिया'. उर्दूत 'नस्ब करणे' म्हणजे उभे करणे, रोवणे. 'हुर्रियत' म्हणजे स्वातंत्र्य. ते ज्या चौकात आहे त्याचे नाव तहरीर चौक. अरबीत तहरीर म्हणजे मुक्ती आणि आपल्या उर्दूत तहरीर म्हणजे लिखाण. उर्दू जाणणाऱ्याला वाटावे की चौकाला नाव या शिल्पामुळेच पडले असेल.

आता ती ओळ वाचू. उजवीकडे पहिला आहे उधळलेला घोडा आणि त्याच्याशी झुंजणारी माणसे. काही जण यात मॉडच्या पाडलेल्या पुतळ्याची आठवण पाहतात. मग फलक घेऊन निघालेले मोर्चेकरी. मग एक लहान मूल. मग आक्रोश करणारी स्त्री. मग मेलेल्या मुलावर ओणवी झालेली आई. आपल्याकडे मोहरममध्ये मर्सिया ऐकलेल्या कुणालाही, मग तो मुसलमान असो वा सवारीपुढे नारळ वाढवणारा हिंदू, हे शिल्प समजावून सांगावे लागणार नाही. तिच्याशेजारी दुसरी आई, तिच्या कुशीत जिवंत बाळ. मग गजांमागचा कैदी, लंडनच्या स्पर्धेपासून मनात असलेला. मधोमध गज तोडून झेपावणारा सैनिक आणि त्याच्या डोक्यावर सूर्याचे जुने इराकी चिन्ह.

इथपर्यंत दुःख आणि लढा. सैनिकानंतर डावीकडे सूर बदलतो. हातात मशाल घेतलेली स्वातंत्र्याची स्त्री, मग शांततेची स्त्री, मग दजला आणि फुरात या दोन नद्या, स्त्रीरूपात. मग दोन शेतकरी, मग बैल आणि सर्वांत शेवटी कारखान्याचा कामगार.

या सगळ्यात राजा कुठे नाही. असुरी भिंतीची लांबी जवाद यांनी घेतली, आकृत्यांची रांग घेतली, दगडाऐवजी ब्राँझ घेतले. पण मधला राजा काढून टाकला. असे सांगतात की आपली छबी स्मारकावर असावी अशी कासिम यांची इच्छा होती. जवाद यांनी ती पुरी केली नाही. सत्ताधीशाचा चेहरा नाकारणे सोपे नसते, विशेषतः पैसा त्याचा आणि पोलीसही त्याचे असतात तेव्हा.

जुन्या काळी युद्धाची स्मारके कशी असत, हे पाहायला आपल्याला दिल्लीपर्यंत जावे लागेल. तीन मूर्ती चौकातले तीन ब्राँझचे सैनिक म्हणजे हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांचे स्मारक. पहिल्या महायुद्धात ते अरबांच्याच भूमीवर, पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन लढले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्यातला एक सैनिक आपल्याही बाजूचा म्हणायला हरकत नाही. ताठ उभे असलेले ते जवान देखणे आहेत. पण त्यांच्यामागे राहिलेली आई, बायको, मूल त्या चबुतऱ्यावर नाही. जवाद यांनी सैनिकाला मध्यभागी ठेवले आणि त्याच्या अलीकडे त्याची किंमत मोजणारी माणसे ठेवली, पलीकडे तो ज्यासाठी लढला ते ठेवले. युद्धाच्या सावलीत वाढलेल्या माणसालाच हे सुचू शकते.

ब्राँझ ओतण्याचे काम इटलीत फ्लॉरेन्सला झाले. कित्येक आकृत्या आठ-आठ मीटर उंचीच्या. मदतीला त्यांचा शिष्य मोहम्मद गनी हिकमत होता. मुदत कमी, काम अफाट, वर बगदादहून दडपण. जवाद यांची प्रकृती ढासळली. १९६० च्या अखेरीस शिल्पे बगदादला पोहोचली आणि भिंतीवर चढवण्याचे काम सुरू झाले. ते पुरे होण्याआधीच, २३ जानेवारी १९६१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मागे लोर्ना आणि दोन लहान मुली. उरलेले काम सहकाऱ्यांनी तडीस नेले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये स्मारक खुले झाले. पूर्ण झालेली ओळ लिहिणाऱ्याने स्वतः वाचलीच नाही.

दोनच वर्षांनी, १९६३ च्या फेब्रुवारीत, रमजानच्या चौदाव्या रोज्याला बगदादमध्ये पुन्हा लष्करी उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी कासिम यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या महिन्यात जिभेवरही ताबा ठेवायचा, त्या महिन्यात शहरात रणगाडे फिरले. त्यांचा चेहरा स्मारकावर असता तर त्या आठवड्यात ते स्मारक राहिले नसते. जवाद यांच्या नकाराने ते वाचले.

जवाद यांनी सुरू केलेल्या विभागातून पुढे शिल्पकारांची पिढी निघाली, पण त्यांच्या वाट्याला आलेली युद्धे अधिक भीषण होती. १९८० ते १९८८ या काळात इराक-इराण युद्धात दोन्हीकडची लाखो माणसे गेली. इस्माईल फत्ताह यांनी १९८३ मध्ये शहिदांसाठी मधोमध दुभंगलेला निळा घुमट उभारला. युद्धाचे नावही न घेता तो घुमट फाटलेल्या काळजाचे सांगतो. आणि त्याच शहरात सद्दाम हुसेन यांच्या हुकमावरून विजयाची कमान उभी राहिली: सद्दाम यांच्याच हातांच्या साच्यावरून केलेले दोन प्रचंड हात, त्यांत तलवारी आणि पायथ्याशी मेलेल्या इराणी सैनिकांची हेल्मेटे. हेल्मेटवाले मुसलमान, कमानवालेही मुसलमान. त्या कमानीचा आराखडा खालिद अल-रह्हाल यांचा आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती पुरी केली हिकमत यांनी. हे दोघेही जवाद यांच्याकडे शिकलेले होते. गुरूने राजाला भिंतीवरून उतरवले होते. राजाने पुन्हा शिष्यांना कामाला लावले. कलावंताला दोष देणे सोपे आहे, पण हुकूमशहापुढे नकार द्यायला लागणारी छाती सगळ्यांना मिळत नाही आणि नकाराची किंमत प्रत्येक काळात सारखी नसते.

त्याच हिकमत यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३ च्या युद्धात बगदादची संग्रहालये लुटली गेली. जवाद यांचे लाकडातले सुंदर 'मातृत्व' शिल्पही त्यात गेले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले हिकमत लुटलेल्या कलाकृती शोधून परत आणण्याच्या कामाला लागले आणि गुरूचे ते शिल्प परत मिळाले.

नस्ब-उल-हुर्रिया मात्र जागचे हलले नाही. १९९१ चे बॉम्बहल्ले, २००३ चे आक्रमण, त्यानंतरचे स्फोट, हे सारे त्याच्या आजूबाजूला झाले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रोजगार आणि स्वच्छ कारभार मागणारी हजारो तरुण मुले-मुली याच भिंतीखाली जमली. शिया, सुन्नी, ख्रिश्चन असा भेद त्या गर्दीत विचारला गेला नाही. अनेकांवर गोळ्या चालल्या. खाली मुलगा गमावलेली आई आणि वर ब्राँझमधली तशीच आई, असे ते दृश्य होते.

बातम्यांत बगदादचा तहरीर चौक पुन्हा कधी दिसला तर ती पांढरी भिंत उजवीकडून वाचायला सुरुवात करा आणि शेवटाकडच्या दोन शेतकऱ्यांपाशी जरा थांबा. त्यांतला एक अरब आणि एक कुर्द, असे मानतात. या दोन समाजांत नंतर किती रक्त सांडले हे सर्वांना माहीत आहे. जवाद यांनी त्या दोघांना धरायला एकच फावडे दिले आहे.